यंत्राला प्रतिभा असते काय?

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, तळेगाव आणि चाकणपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला यंत्राची ओळख करून द्यावी लागत नाही. पाळीवर जाणारे कोणी ना कोणी येथे प्रत्येक आळीत आहेच. यंत्राकडून कशाची अपेक्षा ठेवावयाची, हेही सर्वांना ठाऊक आहे. हजारावा नग पहिल्या नगासारखा उतरला पाहिजे. तो केसभर वेगळा निघाला की बाजूला काढला जातो. तेच ते न चुकता करणे हा यंत्राचा मोठा गुण. कवीच्या, गवयाच्या किंवा चित्रकाराच्या बाबतीत मात्र हाच मोठा दोष ठरतो. म्हणून संगणक आता स्वरावली रचतो, मोटारीच्या भागांचे आकार सुचवतो, औषधाचे नवे रेणू कल्पितो, असे कानावर आले की ऐकणारा क्षणभर थबकतो. हे खरेच सृजन आहे, की नुसता त्याचा आभास? आणि ते काहीही असो, ज्या गावांचे पोट यंत्रावर चालते त्यांनी त्याकडे कसे पाहावे? या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्न आजचा वाटला तरी तो संगणकाच्या जन्माहूनही जुना आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने एका विराट गणनयंत्राचा आराखडा मांडला होता. ते यंत्र कधी पुरे झाले नाही. त्या यंत्रावर १८४३ साली अ‍ॅडा लव्हलेस या विदुषीने विस्तृत टिपणे लिहिली. त्यांत तिने दोन गोष्टी सांगितल्या. स्वरांचे परस्परसंबंध जर नियमांत बसवता आले, तर असे यंत्र संगीतही रचू शकेल, ही पहिली. दुसरी अशी की, यंत्र स्वतः होऊन काही उपजवीत नाही. कसे करावयाचे हे आपण त्याला सांगू शकतो, तेवढेच ते करते. या दोन विधानांमधील ओढाताण पावणेदोनशे वर्षे झाली तरी संपलेली नाही.

दोन प्रतिभा

सृजन म्हणजे केवळ नवेपणा नव्हे. लहान मूल पेटीच्या पट्ट्यांवर हात आपटते तेव्हा पूर्वी कोणी न वाजविलेले स्वर वाजतात. पण त्याला कोणी रचना म्हणत नाही. जे नवे आहे, शिवाय ज्याला काही मोल आहे, त्यालाच आपण सृजन म्हणतो. येथे आपल्या जुन्या साहित्यशास्त्राचा मोठा आधार मिळतो. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात प्रतिभेचे दोन प्रकार केले. निर्माण करणारी ती कारयित्री, ती कवीची. निर्माण झालेल्याचे मर्म ओळखणारी ती भावयित्री, ती रसिकाची. एकीवाचून दुसरी अपुरी आहे. कवी दहा ओळी लिहितो आणि नऊ खोडतो, तेव्हा तो लिहिताना एका प्रतिभेचा आणि खोडताना दुसरीचा उपयोग करीत असतो. ही जोडी ध्यानात ठेवली तर संगणकाच्या सृजनाचा पसारा पुष्कळसा आवाक्यात येतो.

आपल्या गावातलेच एक उदाहरण घेऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलीन बनविणे हे त्याचे मुख्य काम. पण तेथे संशोधनही चाले. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करीत. असल्या शोधाची रीत सांगावयास सोपी आणि करावयास चिकाटीची आहे. ठिकठिकाणची माती आणावयाची, तिच्यातले जीव वेगवेगळे वाढवावयाचे, आणि त्यांपैकी एखाद्याच्या रसाने रोगकारक बुरशी मरते काय, हे पाहत बसावयाचे. बहुतेक नमुने वाया जातात. जो क्वचित टिकतो, त्यातून औषध निघते. या संशोधकांनी ज्या सूक्ष्मजीवाला गावावरून 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव दिले, त्याच्यापासून मिळालेले बुरशीनाशक औषध १९६१ साली 'हमायसिन' म्हणून प्रसिद्ध झाले.

येथे रेणू कोणी निर्माण केला? निसर्गाने. मग माणसांचे श्रेय कशात? कोणती माती घ्यावी, कोणती कसोटी लावावी, आणि असंख्य निकामी नमुन्यांतून कामाचा एक कसा ओळखावा, यात. निर्मितीचा ढीग आणि त्याखाली धरलेली चाळण, अशी ही मांडणी आहे. सृजनशील म्हणविणाऱ्या संगणकाच्या आज्ञावल्याही बव्हंशी याच मांडणीवर उभ्या आहेत. त्या बांधण्याच्या मुख्य रीती तीन.

पहिली रीत: नियम सांगणे

पहिल्या रीतीत कलेचे नियम माणूस संगणकाला सांगतो, आणि त्या नियमांच्या आत त्याला मोकळे सोडतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅक्सन यांनी १९५७ साली पुरी केलेली 'इलिअ‍ॅक सुइट' ही चार तंतुवाद्यांसाठीची रचना या रीतीचा एक पहिला नमुना आहे. यंत्राने वाटेल तसे स्वर उचलावेत आणि नियम मोडणारे स्वर टाकून द्यावेत, अशी ती योजना होती.

आपल्या रागसंगीतावरही असे काम झाले आहे, आणि त्यात मराठी माणसे पुढे होती. संगणकशास्त्राचे अध्यापक हरी सहस्रबुद्धे आणि त्यांचे सहकारी उपाध्ये यांनी १९९२ साली रागाची संगणकीय मांडणी करणारा निबंध सादर केला. सहस्रबुद्धे यांच्या घरातच गाणे होते. गायिका वीणा सहस्रबुद्धे त्यांच्या पत्नी. त्यांच्या मांडणीतील मुख्य कल्पना अशी की, राग म्हणजे वाटांचा एक नकाशा मानावा. गवई कोणत्या स्वरावर आहे, एवढे कळले की तेथून कोठे जाता येते आणि कोठे जाता येत नाही, हे नकाशा सांगतो. संगणक फासे टाकून वाट निवडतो आणि नवी स्वरावली तयार होते.

भूप घेऊन पाहू. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य; उरले सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर. संगणकाला एवढेच सांगितले तर तो या पाच स्वरांशी कितीही खेळेल. पण ते गाणे भूपाचे होईलच असे नाही. कारण देशकाराचे स्वरही हेच पाच आहेत. भूपाचा जीव गांधारात आणि देशकाराचा धैवतात. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देशकार सकाळी. म्हणजे स्वरांची यादी पुरेशी नाही. कोणत्या स्वरावर थांबावयाचे, कोणाला नुसते शिवून जावयाचे, कोठून वर चढावयाचे, हेही नकाशात उतरवावे लागते. ते उतरवले की निघणारी स्वरावली नियमाने निर्दोष ठरते. मोठा लाभ याच्याही पुढचा आहे. गवई जे सवयीने करतो ते नेमक्या शब्दांत लिहावयास बसले म्हणजे, आपल्याला राग किती कळला आहे आणि कोठे आपण नुसते 'कानाला बरे वाटते' म्हणून पुढे गेलो, याचा हिशेब लागतो.

पण अशा यंत्राची स्मृती तोकडी असते. आपण आता कोठे आहोत, एवढेच त्याला कळते. कोठून निघालो आणि श्रोत्यांना कोठे न्यावयाचे आहे, याचे त्याला भान नसते. बढत म्हणजे काय, ते त्याला ठाऊक नाही. ते रात्रभर चुकणार नाही, आणि रात्रभर गाणारही नाही. चांगली जागा आली तेव्हा मान डोलावणारा श्रोता त्याला बाहेरूनच आणावा लागतो.

दुसरी रीत: पिढ्या वाढविणे

दुसऱ्या रीतीत संगणकाला कसे करावे हे सांगत नाहीत. काय साधावयाचे आहे एवढेच सांगतात. ही रीत आपल्या कारखान्यांना जवळची आहे. समजा, मोटारीचे आसन तळाला बांधणारा एक ब्रॅकेट करावयाचा आहे. बोल्ट कोठे बसणार, भार किती येणार, धातू कोणता, हे ठरलेले आहे. संगणक धातूचा एक ठोकळा कल्पितो आणि त्याचे हजारो बारीक कण पाडतो. भार दिला असता कोणत्या कणावर ताण येतो, कोणता कण नुसता बसून आहे, हे तो गणिताने काढतो. रिकाम्या कणांना काढून टाकतो, उरलेल्या आकाराची पुन्हा परीक्षा करतो, आणि असे शेकडो वेळा करतो. १९८८ साली मार्टिन बेंडसो आणि नोबोरू किकुची यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधापासून या गणिताला मोठी गती मिळाली. शेवटी जो आकार हाती येतो, तो ड्रॉइंगच्या फळ्यावर वाढलेल्या माणसाला चमत्कारिक दिसतो. त्यात सरळ कडा नसतात, काटकोन नसतात. तो प्राण्याच्या हाडासारखा किंवा झाडाच्या मुळासारखा असतो. निसर्गालाही थोड्या द्रव्यात भार पेलावयाचा असतो, तेव्हा हे साम्य अकारण नाही.

तळेगावला २००८ ते २०२० या काळात ज्या जनरल मोटर्सचा कारखाना चालला, त्याच कंपनीने अमेरिकेत २०१८ साली असाच एक ब्रॅकेट तयार करून दाखविला. संगणकाने दीडशेंहून अधिक आकार पुढे ठेवले. त्यांतून निवडलेला भाग जुन्यापेक्षा ४० टक्के हलका आणि २० टक्के अधिक मजबूत होता, आणि पूर्वी आठ तुकडे जोडून जे होत असे ते आता एका तुकड्यात आले. हा आकार कोणा इंजिनिअरने काढलेला नव्हता. लव्हलेसचे दुसरे विधान येथे डळमळते. कारण आज्ञावली लिहिणाऱ्यालाही उत्तर आधी ठाऊक नव्हते.

तथापि गोष्ट येथे संपत नाही. तो ब्रॅकेट त्रिमिती छपाईने, म्हणजे धातूचा थरावर थर चढवून केला होता. हेच ड्रॉइंग भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये नेले, तर तेथला अनुभवी टूलमेकर पहिला प्रश्न विचारील, "हा डायमधून सुटणार कसा?" दुसरा प्रश्न असेल, "दिवसाला किती नग हवेत?" हे प्रश्न संगणकाला आधी सांगितले असते तर त्याने वेगळे आकार दिले असते. न सांगितलेली अट त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते.

अटी सांगण्यातली ढिलाई कोठवर जाते, याचे एक मौजेचे उदाहरण आहे. १९९४ साली कार्ल सिम्स याने संगणकाच्या पडद्यावर कल्पित प्राण्यांच्या पिढ्या वाढविल्या. जो वेगाने पुढे जाईल तो जगेल, त्याची संतती वाढेल, असा नियम. काही प्राणी पोहावयास शिकले, काही सरपटू लागले. पण काहींनी निराळीच युक्ती काढली: ते उंच वाढले आणि धाडकन आडवे पडले! पडतानाही वेग मिळतोच. नियमाचे पालन झाले आणि हेतू मात्र बाजूला राहिला. कारखान्यात नगांच्या संख्येवर बक्षीस लावले आणि गुणवत्तेचे नाव काढले नाही, तर काय होते हे जाणणाऱ्यांना या प्राण्यांचा राग येऊ नये.

तिसरी रीत: उदाहरणांवरून शिकणे

तिसरी रीत आज सर्वांत जोरात आहे. हिच्यात नियमही सांगत नाहीत, उदाहरणे दाखवितात. हजारो उदाहरणे पाहून संगणक आपल्या आतील असंख्य आकडे थोडेथोडे बदलत जातो, आणि त्यांत समान काय आहे ते त्याच्या अंगवळणी पडते. चित्रे काढणाऱ्या आणि लेख लिहिणाऱ्या आजच्या आज्ञावल्या अशाच शिकल्या आहेत. त्यांची शिदोरी म्हणजे माणसांनी पूर्वी काढलेली चित्रे आणि लिहिलेले लेख होत. तेव्हा त्या माणसांचे देणे कोणी कसे फेडावे, हा वाद साहजिकच उभा राहिला आहे.

पण पिंपरीच्या माणसाने औषधांतील उदाहरण आधी पाहावे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी सुमारे अडीच हजार रेणू आणि त्यांनी जंतू मरतात की नाही, ही माहिती संगणकाला शिकविली. मग जवळजवळ सहा हजार इतर रेणू त्याच्यापुढे ठेवले. त्याने एक रेणू पुढे केला, ज्याचा विचार पूर्वी मधुमेहासाठी झाला होता. अनेक औषधांना न जुमानणारे जंतू त्या रेणूने मेले, आणि उंदरांतील संसर्गही हटला. २०२० साली हे प्रसिद्ध झाले. त्या रेणूला 'हॅलिसिन' असे नाव देण्यात आले, ते एका चित्रपटातील 'हॅल' नावाच्या संगणकावरून. हमायसिनचा रस्ता मातीतून आला होता, हॅलिसिनचा आकड्यांतून आला. पण ढीग आणि चाळण ही मांडणी तीच.

२०२५ साली त्याच संस्थेतील शास्त्रज्ञ एक पाऊल पुढे गेले. आता संगणकाने असलेले रेणू चाळले नाहीत, तर पूर्वी कोठेच नसलेले कल्पिले. दोन प्रयोगांत मिळून साडेतीन कोटींहून अधिक रेणू! हा कारयित्रीचा पूर म्हणावयास हरकत नाही. त्यांपैकी परम्याच्या जंतूंविरुद्धच्या प्रयोगाचा हिशेब बोलका आहे. चाळत चाळत सुमारे ऐंशी रेणू निवडले. ते रसायनशाळेत बनवता येतील काय, अशी विचारणा झाली, तेव्हा फक्त दोन बनले. त्या दोनांतून एक गुणकारी ठरला. उंदरांवरील प्रयोगात त्याचा परिणाम दिसला. पण तेथून माणसाच्या औषधापर्यंतची वाट लांबची आहे. कोटींपासून एकापर्यंतच्या या उतरंडीत संगणकाने पुष्कळ पायऱ्या गाळल्या, हे खरे. शेवटच्या पायऱ्यांवर मात्र काचेची भांडी, जिवंत पेशी आणि अनुभवी हात हेच निवाडा देत होते.

मग निष्कर्ष काय?

यंत्राला प्रतिभा असते काय, या प्रश्नाचे उत्तर आता थोडे नेमके देता येईल. कारयित्रीचे काम यंत्र करू लागले आहे. कित्येक क्षेत्रांत माणसाला सुचले नसते असेही त्याला सुचते. भावयित्रीचे काम ते अंशतःच करते, कारण त्याची चाळण माणसाने सांगितलेल्या अटींची किंवा माणसाने दाखविलेल्या उदाहरणांची असते. भूप कोणता आणि देशकार कोणता, डायमधून नग सुटेल की नाही, औषध पोटात गेल्यावर काय करील, ही पारख ज्याला आहे त्याच्या हातात ही यंत्रे मोठे बळ देतात. ज्याला नाही, त्याच्यापुढे ती नुसता ढीग ओततात.

खरी चिंता येथूनच सुरू होते. ही पारख येते कोठून? ती पुस्तकात पुरती लिहिलेली नसते. भोसरीचा टूलमेकर ज्या नजरेने ड्रॉइंग पाहतो ती नजर त्याला उमेदवारीत मिळाली. त्याने स्वतः साधे, वेडेवाकडे नग केले, ते फुकट गेले, वरिष्ठांनी कान उपटले, आणि हळूहळू हाताला कळू लागले. गवयाच्या तालमीचेही असेच. आता नवशिक्याच्या वाट्याची साधी कामे, म्हणजे पहिले ड्रॉइंग, पहिला मसुदा, पहिले दहा पर्याय, ही यंत्र क्षणात करून देते. मालकाला ते स्वस्त पडते. पण नवशिक्या जर ही पायरी चढलाच नाही, तर वीस वर्षांनी पारख करणारा माणूस कोठून आणावयाचा? आजचे अनुभवी लोक निवृत्त होतील तेव्हा यंत्राच्या ढिगापुढे कोण उभा राहील? नोकऱ्या किती जातील याची चर्चा सर्वत्र होते. हा प्रश्न तिच्याहून कमी निकडीचा नाही.

यावर उपाय आपल्या आवाक्यातला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आणि कारखान्यांतून उमेदवाराने आधी आपल्या हाताने ड्रॉइंग करावे, मग यंत्राचे मागवावे आणि दोन्ही शेजारी ठेवून वाद घालावा. यंत्राचा आकार नाकारला गेला तर का नाकारला, हे त्याने आपल्या शब्दांत लिहावे; स्वीकारला तरीही लिहावे. अनुभवी कामगारांना ज्या अटी तोंडपाठ आहेत पण कागदावर कोठेच नाहीत, त्या त्यांच्याकडून विचारून घेऊन नोंदवाव्यात. रागाचा नकाशा काढताना जे झाले तेच येथेही होईल: लिहावयास बसले की आपल्याला काय कळते आणि काय नाही ते समजते. अशा नोंदी यंत्रालाही शहाणे करतील. आणि त्या लिहिता लिहिता उमेदवाराच्या अंगी जी पारख येईल, ती त्याच्या पुढच्या सगळ्या कामांत त्याच्या उपयोगी पडेल.